दोन्हीकडे पंचावन्न किलोमीटर

उज्जैनमध्ये राहून मोठ्या कंपनीत इंजिनिअरची नोकरी करायची तर दोन वाटा आहेत, आणि दोन्ही जवळजवळ सारख्याच लांबीच्या. रेल्वेने वायव्येला पंचावन्न-एक किलोमीटरवर नागदा जंक्शन लागतं. तिथे चंबळच्या काठी ग्रासिमचा कारखाना आहे, लाकडाच्या लगद्यापासून धागा काढणारा. दक्षिणेला सांवेरवरून तेवढंच अंतर गेलं की इंदूर. तिथे विमानतळाच्या अंगाला सुपर कॉरिडॉर आणि त्यावर टीसीएस व इन्फोसिस यांची दोनशेहून जास्त एकरांची आवारं. मधे उज्जैन, महाकालाचं. इथे पहाटे भस्मारतीच्या रांगेत उभं राहिलेलं पोरगं नऊ वाजता गळ्यात कंपनीचं ओळखपत्र अडकवून नानाखेड्याला गाडीची वाट बघत असतं, यात कोणालाच काही वावगं वाटत नाही.

शहराच्या स्वतःच्या मोठ्या कंपन्या म्हणजे कापडगिरण्या. विनोद, विमल, हिरा ही त्यांची नावं आता पत्ता सांगण्यापुरती उरली आहेत. विनोद-विमल नव्वदच्या दशकात बंद पडल्या आणि कामगारांच्या पैशांचा वाद पुढे वर्षानुवर्षं कोर्टात चालला. इंदूरची हुकुमचंद मिल १९९२ मध्ये बंद झाली. तिथल्या कामगारांच्या देण्याचे सुमारे २२४ कोटी रुपये सुटले ते २५ डिसेंबर २०२३ ला, तब्बल एकतीस वर्षांनी. माळव्यातल्या घरांत 'मोठी कंपनी' म्हटलं की वडीलधाऱ्यांच्या कपाळावर एक बारीक आठी येते, ती अशी आलेली आहे. तरीही मुलगा कंपनीत लागला की पेढे वाटतातच.

इथली मराठी घरं शिंदेशाहीबरोबर आली. राणोजी शिंद्यांनी उज्जैनला मुख्य ठाणं केलं, त्यांच्या रामचंद्रबाबा शेणवी दिवाणांनी अठराव्या शतकात महाकालाचं देऊळ पुन्हा उभारलं, १८१० च्या सुमारास दौलतरावांनी राजधानी ग्वाल्हेरला नेली आणि मराठी माणसं मात्र इथेच राहिली. पिढ्यांचा क्रम बहुतेक घरांत सारखा सापडतो. पणजोबा संस्थानच्या दप्तरात, आजोबा शाळामास्तर किंवा रेल्वेत, वडील बँकेत नाहीतर देवासला किर्लोस्करांच्या पंपांच्या कारखान्यात. नातू इंजिनिअर. १९६६ मध्ये उज्जैनला सरकारी इंजिनिअरिंग कॉलेज निघालं, तेव्हापासून 'नातू इंजिनिअर' ही पायरी घरच्या घरी चढता येऊ लागली. पुण्याला जाणारे गेले. जे राहिले त्यांच्यापुढे या दोन वाटा.

दोन्ही वाटांवरच्या माणसांशी बोलत गेलो तेव्हा माझ्या डोक्यात प्रश्न साधाच होता: एवढ्या अवाढव्य कंपनीत एक इंजिनिअर दिवसभर नेमकं करतो काय? उत्तर ऐकताना दोन्हीकडून एकच शब्द येत राहिला. सही. नागद्याकडे तो कागदावर असतो, इंदूरकडे पडद्यावर 'अप्रूव्ह्ड' म्हणून. मोठ्या कंपनीतला इंजिनिअर वस्तू बनवतो त्यापेक्षा कितीतरी जास्त वेळ सह्या मिळवतो, नाहीतर देतो. बाहेरून बघणाऱ्याला हा नोकरशाहीचा रोग वाटतो. मला तसं वाटेनासं झालं, ते नागद्याहून निवृत्त होऊन ऋषीनगरात राहायला आलेल्या एका काकांमुळे.

काकांची हयात रासायनिक कारखान्यांत गेली, त्यातली शेवटची बरीच वर्षं नागद्याला. तो कारखाना १९५४ चा. ग्वाल्हेर रेयॉन ही कंपनी २५ ऑगस्ट १९४७ ला, म्हणजे स्वातंत्र्यानंतर दहा दिवसांनी नोंदली गेली. ग्रासिम हे नाव १९८६ मध्ये आलं. जुनी माणसं अजून 'ग्वाल्हेर रेयॉन'च म्हणतात. कारखान्याभोवती बिर्लाग्राम नावाची वसाहत, तिथे क्वार्टर, शाळा, क्लब, देऊळ. क्वार्टरच्या आकारावरून साहेबाचा ग्रेड कळायचा आणि पाळीच्या भोंग्यावर घरचा कुकर लागायचा.

धागा निघतो कसा, हे काकांनी स्वयंपाकघरातल्या ओट्यावर बोटाने रेघा ओढत सांगितलं. लाकडाच्या लगद्याची जाड पुठ्ठ्याची पानं येतात. ती सुमारे १८ टक्के कॉस्टिकच्या द्रावणात भिजवायची, पिळायची, त्यांचा चुरा करायचा आणि तो ठरावीक तापमानाला मुरत ठेवायचा. मग त्यात कार्बन डायसल्फाइड घालायचा. चुरा नारिंगी होतो. तो पातळ कॉस्टिकमध्ये विरघळवला की व्हिस्कोस नावाचा दाट द्रव तयार होतो. तो गाळायचा, हवा काढून टाकायची, थोडा पिकू द्यायचा आणि स्पिनरेटमधून गंधकाम्लाच्या हौदात सोडायचा. आम्लात पडता पडता द्रवाचा धागा होतो. मग ताणणं, कापणं, धुणं, वाळवणं, गाठी बांधणं.

स्पिनरेट ही वस्तू काका फार जिव्हाळ्याने सांगतात. सोनं आणि प्लॅटिनम यांच्या मिश्रधातूची, झारीच्या तोंडासारखी टोपी. फक्त तिला हजारोंनी भोकं असतात आणि एकेक भोक केसाहून बारीक. त्यातलं एखादं तुंबलं की धाग्यात गुठळी येते आणि ती गुठळी पुढे कुठल्यातरी सूतगिरणीत धागा तोडते. "तक्रार येते तीन महिन्यांनी, कोइमतूरहून," काका म्हणाले. "तेव्हा तुमच्याकडे त्या दिवसाचं लॉगबुक पाहिजे. गाळणीचा दाब किती होता, कोणत्या पाळीत वाढला, कोणी लिहिला. लिहिलं नसेल तर तुम्ही इंजिनिअर नाही, पाहुणे आहात."

उन्हाळ्यात चंबळ आटायची आणि पाण्यावाचून कारखाना बंद ठेवायची पाळी यायची. अशा बंदच्या दिवसांत इंजिनिअरला सुट्टी नसते, उलट वर्षाची सगळी दुरुस्ती तेव्हाच उरकायची असते. त्याच चंबळीत कारखान्याचं सांडपाणी जायचं, आणि खालच्या गावांनी त्याबद्दल केलेल्या तक्रारी जुन्या आहेत. अलीकडच्या वर्षांत सांडपाणी बाहेर न सोडता आतल्या आत फिरवण्याची यंत्रणा उभी झाली. तो विषय स्वतंत्र लेखाचा आहे. एवढं मात्र सांगावंसं वाटतं की 'नदीचं काय?' हा प्रश्न इंजिनिअरच्या रोजच्या कागदावर यायला काही दशकं लागली, कारण त्या सहीची चौकटच कागदावर नव्हती.

आता परमिट. काकांच्या गोष्टींमधलं हे मूळ. समजा एका पंपाचं सील गळतंय. बदलायला फिटरला वीस मिनिटं लागतात. पण फिटरने पाना लावायच्या आधी प्रॉडक्शनच्या इंजिनिअरने पंप थांबवून रिकामा करायचा, दोन्हीकडचे व्हॉल्व्ह बंद करायचे आणि नुसत्या व्हॉल्व्हवर विश्वास न ठेवता फ्लँजमध्ये ब्लाइंड, म्हणजे लोखंडाची आंधळी चकती, घालायची. इलेक्ट्रिकलवाल्याने ब्रेकर पाडून त्याला कुलूप घालायचं. कुलपावर नावाचा टॅग, आणि किल्ली ज्याच्या हाताला धोका त्याच्या खिशात. सेफ्टीवाल्याने गॅस मोजायचा. मग तिघांच्या सह्या होऊन परमिट निघतं आणि ते त्या पाळीपुरतंच. दोन वाजता पाळी बदलली, काम राहिलं, तर नव्या माणसाने पुन्हा जाऊन बघायचं आणि पुन्हा सही करायची.

वीस मिनिटांच्या कामाला तीन तास. नव्या पोरांची चिडचिड होते. काका त्यांना कार्बन डायसल्फाइडचा स्वभाव सांगायचे. हा द्रव ४६ अंशांना उकळतो, पाण्यापेक्षा जड असतो म्हणून पाण्याच्या थराखाली साठवतात, आणि पेट घ्यायला त्याला ठिणगीसुद्धा लागत नाही. त्याची वाफ शंभराच्या आसपास तापलेल्या नळीला लागली तरी पुरे. कारखान्यात वाफेच्या नळ्या तर पावलापावलावर. श्वासातून वर्षानुवर्षं थोडा थोडा गेला तर मज्जातंतूंवर परिणाम होतो तो वेगळाच. "मग सांगा, त्या तीन तासांत उशीर कोणता आणि काम कोणतं?"

आधीच्या एका नोकरीतली, दुसऱ्या राज्यातल्या एका छोट्या कारखान्यातली गोष्ट त्यांनी सांगितली. पाळीच्या प्रमुखाने कँटीनमध्ये चहा पिता पिता परमिटवर सही केली. कागद बरोबर होता, चौकटी सगळ्या भरलेल्या. फक्त बंद केलेला पंप 'अ' होता आणि फिटर उभा होता 'ब'पाशी. फिटरचा हात कोपरापर्यंत भाजला. चौकशीत सगळ्यांच्या सह्या सापडल्या.

मध्य प्रदेशात बसून मोठी कंपनी आणि इंजिनिअर यांच्याबद्दल लिहायचं आणि भोपाळ वगळायचं, हे जमणारं नाही. २ डिसेंबर १९८४ च्या रात्री युनियन कार्बाइडच्या ६१० क्रमांकाच्या टाकीत पाणी शिरलं. आत चाळीस टनांहून जास्त मिथाइल आयसोसायनेट होतं. ते थंड ठेवणारी शीतकरण यंत्रणा काही महिन्यांपूर्वीच बंद केलेली. निसटलेला वायू धुऊन काढणारा स्क्रबर चालू नव्हता. तो जाळून टाकणाऱ्या मनोऱ्याकडे जाणारी नळी दुरुस्तीसाठी सोडवून ठेवलेली. रात्रपाळीतली मेंटेनन्स सुपरवायझरची जागा खर्चकपातीत थोडेच दिवस आधी गेलेली. पाणी कसं शिरलं यावर दोन बाजू आहेत. नळ्या धुताना ब्लाइंड घातली नव्हती असं एक म्हणणं; कुणीतरी मुद्दाम घातपात केला, हा कंपनीचा दावा. पण बाकीच्या गोष्टी कोणी अंधारात केल्या नव्हत्या. शीतकरण बंद करणं हा एक निर्णय होता, त्यामागे विजेचं आणि वायूचं बिल होतं. जागा रद्द करणं हा दुसरा, तो दुसऱ्याच खात्याचा. नळी सोडवणं तिसरा. प्रत्येकाने आपापल्या तुकड्यापुरतं पाहिलं आणि त्या तुकड्यापुरतं ते चालण्यासारखं होतं. सगळे तुकडे एकत्र मांडून 'आज रात्री या टाकीला आधार कशाचा आहे?' असं विचारणं हे कोणाच्याच कामात लिहिलेलं नव्हतं.

भोपाळनंतर १९८७ मध्ये फॅक्टरी कायद्यात धोकादायक प्रक्रियांसाठी नवं प्रकरण घातलं गेलं. खटल्याचा निकाल लागला जून २०१० मध्ये. कंपनीच्या सात भारतीय अधिकाऱ्यांना दोन-दोन वर्षांची शिक्षा. काका त्या डिसेंबरात नोकरीत नवे होते. त्यानंतर परमिटच्या वहीला अचानक मान आला, असं ते म्हणतात. किती वर्षं टिकला तो मान, असं विचारल्यावर हसले. "नवा मॅनेजर येईपर्यंत."

दक्षिणेच्या वाटेवर वायू नाही, आम्ल नाही. काच आहे, हिरवळ आहे, कॅफेटेरिया आहे. फ्रीगंजातला एक तरुण, काकांचाच भाचा, अशाच एका आवारात काम करतो. कंपनीचं नाव नको म्हणाला, तेव्हा नाही घेत. आठवड्यातले दिवस तो चार जणांच्या भागीतल्या गाडीने उज्जैनहून जातो. सिंहस्थासाठी रस्ता सहापदरी करायचं काम चालू असल्याने सध्या कधी सव्वा तास, कधी दोन. इंदुरात खोली घेऊन राहायला त्याची ना नाही, पण घरी आजी आहे, दुपारचा डबा आहे आणि खोलीचं भाडं वाचतं. "मामा नागद्याला होते तेव्हा कंपनी घर द्यायची. आम्हाला लॅपटॉप देऊन राहिली आहे," हे त्याचं एका वाक्यातलं अर्थशास्त्र.

त्याला मी अलीकडचं एखादं काम सविस्तर सांगायला लावलं. एका अमेरिकन वित्तसंस्थेच्या ग्राहकांच्या अर्जात आडनावासाठी वीस अक्षरांची जागा होती. ती चाळीस करायची. जोडआडनावांची माणसं तक्रार करत होती. एका ओळीचा बदल. चहा गार व्हायच्या आत त्याने तो केलाही. ग्राहकाच्या पडद्यावर तो दिसायला सात आठवडे लागले.

का लागले, ते ऐकण्यासारखं आहे. अर्जातलं आडनाव पुढे दहा-बारा वेगवेगळ्या प्रणालींत जातं: पत्त्याची लेबलं, करखात्याला जाणारा अहवाल, फसवणूक हुडकणारी यंत्रणा. आणि सगळ्यांच्या तळाशी एक जुना मेनफ्रेम, त्यावर कोबोल भाषेतला, या मुलाच्या जन्माआधी लिहिलेला प्रोग्राम. त्या प्रोग्रामच्या फाइलीत प्रत्येक माहितीची जागा मोजून दिलेली असते. पहिली इतकी अक्षरं नाव, पुढची वीस आडनाव, त्याला लागून जन्मतारीख. आडनाव वीसाचं चाळीस झालं की जन्मतारखेच्या जागेत आडनावाची शेपटी जाऊन बसते. प्रोग्राम कुरकुर करत नाही, तो निमूटपणे चुकीचं वाचतो. हे या मुलाला माहीत नव्हतं. त्याच्या टीममध्ये कोणालाच नव्हतं. मंजुरीच्या फॉर्मवर एक चौकट होती, 'या बदलाचा परिणाम होणाऱ्या इतर प्रणाली'. बहुतेक जण तिथे 'नाही' लिहून पुढे जातात. याने तिथे 'नाही' लिहिण्याआधी चेन्नईतल्या एका मेनफ्रेमवाल्या बाईंना मेसेज टाकला. त्या म्हणाल्या, थांब.

मग पुढचं सगळं सुरू झालं. परिणामांचा कागद, मूळ कोडचा बदल, दुसऱ्याने तो तपासणं, चाचणी, सगळ्या प्रणाली जोडून चाचणी, ग्राहकाच्या माणसांची चाचणी, चेंज बोर्डाची बैठक, बिघडलं तर मागे कसं फिरायचं याची योजना. मधे तिमाहीअखेर म्हणून दोन आठवडे कोणताही बदल करायला बंदी. शेवटी तिकडच्या शनिवारी रात्री, वापर कमी असतो तेव्हा, तो बदल चढवला. तिकडची शनिवारची रात्र म्हणजे उज्जैनची रविवार सकाळ. घरात पोहे-जलेबी चाललेली आणि हा आतल्या खोलीत कानाला हेडफोन लावून चौदा जणांच्या कॉलवर. आजी दोनदा ताटली घेऊन आली, दोनदा त्याने हातानेच नाही म्हटलं. त्याचं प्रत्यक्ष काम त्या कॉलवर दोन वाक्यांचं होतं.

मला विचाराल तर त्या सात आठवड्यांतला सर्वांत मोलाचा भाग म्हणजे चेन्नईला टाकलेला तो मेसेज. आणि मूल्यमापनाच्या फॉर्मवर नेमकं तेच कुठे लिहायचं याला जागा नाही.

याचं कारण कंपनी तास विकते. ही काही निंदा नव्हे, धंद्याची रीतच ती. टीसीएस १९६८ ची. इन्फोसिस १९८१ मध्ये पुण्यात सुरू झाली. परदेशी ग्राहकाला इथल्या इंजिनिअरचे तास द्यायचे, या व्यवहारावर दोन्ही वाढल्या. तेव्हा कोणाचा तास बिलात लागला आणि कोणाचा नाही, हा कळीचा हिशेब. जून २०२५ मध्ये टीसीएसने नियम केला की वर्षातले निदान २२५ दिवस बिलात लागले पाहिजेत आणि प्रकल्पाविना बाकावर बसण्याचे दिवस ३५ च्या वर जाता कामा नयेत. जुलैत त्याच कंपनीने जगभरातल्या सहा लाखांहून जास्त माणसांपैकी सुमारे दोन टक्के, म्हणजे बाराएक हजार कमी करणार असल्याचं जाहीर केलं, मुख्यतः मधल्या आणि वरच्या फळीतली. त्या आठवड्यात उज्जैनच्या भागीच्या गाड्यांमध्ये दुसरा विषय नव्हता. नव्याने लागणाऱ्या पोराचा पगार साडेतीन लाखांच्या आसपास, आणि तो गेली दहा-पंधरा वर्षं जवळपास तिथेच आहे. चाळिशीतल्या मॅनेजरला काढलं तर त्याचा घराचा हप्ता असतो. दोघांनाही एकमेकांचं दुःख थोडं हास्यास्पद वाटतं.

आणखी एक वाकडं वळण आहे. चांगला कोड लिहिणाऱ्याला बढती मिळाली की कोड लिहिणं सुटतं. नागद्याकडेही तेच: यंत्राच्या आवाजावरून बेअरिंग ओळखणारा माणूस पंधरा वर्षांनी एक्सेलच्या तक्त्यात मनुष्यबळाची मांडणी करत बसतो. पगार वाढवायचा तर माणसांवर बसा. काही कंपन्या तांत्रिक माणसांसाठी वेगळी शिडी असल्याचं सांगतात. भाच्याच्या मते त्या शिडीला वरच्या पायऱ्या काढल्या आहेत, पण चढलेला माणूस त्याने अजून पाहिलेला नाही.

मुलींच्या बाबतीत मात्र दोन वाटा सारख्या लांबीच्या कधीच नव्हत्या. १९४८ च्या फॅक्टरी कायद्याचं कलम ६६ बाईला संध्याकाळी सात ते सकाळी सहा कारखान्यात काम करू देत नव्हतं. न्यायालयांनी आणि राज्यांनी ते पुढे सैल केलं, पण तीन पाळ्यांच्या कारखान्यात जी मुलगी रात्रपाळी करू शकत नाही तिला पाळीप्रमुख कोण करणार? आणि पाळीप्रमुख झाल्याशिवाय प्लँट कळत नाही. १९७४ मध्ये टेल्कोच्या जाहिरातीत बायकांनी अर्ज करू नयेत असं वाचून सुधा कुलकर्णींनी, पुढच्या सुधा मूर्तींनी, जेआरडी टाटांना पोस्टकार्ड टाकलं आणि त्या टेल्कोच्या पुण्याच्या कारखान्यात लागल्या, ही गोष्ट मराठी घरांत पाठ आहे. पण पोस्टकार्डाने दार उघडतं, पाळी मिळत नाही. उज्जैनच्या केमिकल आणि मेकॅनिकलच्या मुली म्हणूनच वर्षानुवर्षं दक्षिणेच्या गाडीत बसत गेल्या. एका मुलीच्या आईने मला सरळ सांगितलं, "तिला मशीन आवडायच्या. पण कंपनी कॅबने दारात सोडते ना, मग घरचे काही बोलत नाहीत." तिची मुलगी चार वर्षं एका विमा कंपनीच्या दाव्यांच्या प्रणालीची चाचणी घेते आहे.

उज्जैनला इंजिनिअर म्हटलं की तिसरी जात सरकारी, आणि ती सिंहस्थामुळे फार दिसते. तिथेही मोठी यंत्रणा, तिथेही सह्या. फरक असा की तारीख गुरू ग्रह ठरवतो. सिंह राशीत गुरू आला की मेळा. कोणत्याही अधीक्षक अभियंत्याला मुदतवाढ मागता येत नाही. नर्मदेचं पाणी उपसून क्षिप्रेत आणणारी जोडयोजना २०१४ मध्ये सुरू झाली ती २०१६ चा मेळा डोळ्यांपुढे ठेवून. त्या मेळ्यात ५ मे ला वादळ आलं, मंडप कोसळले आणि माणसं गेली. महाकालाच्या देवळालगतचं 'महाकाल लोक' हे आवार ११ ऑक्टोबर २०२२ ला उघडलं. २८ मे २०२३ च्या वाऱ्यात तिथल्या सप्तर्षींपैकी सहांच्या फायबरच्या मूर्ती पडल्या. मूर्ती मोठ्या, आतून पोकळ, उघड्यावर उभ्या. वाऱ्याचा जोर काढायचं गणित इंजिनिअरिंगच्या मधल्या वर्षातल्या पोरालाही येतं. दुसऱ्या दिवसापासून शहरात 'कोणाची सही होती?' हेच चाललं होतं. आता २०२८ च्या मेळ्याची कामं सुरू आहेत आणि क्षिप्रेकाठी पुन्हा नवे घाट बांधले जात आहेत.

मोठ्या कंपनीवर रागावणं सोपं आहे. एकट्यादुकट्याच्या हाताने व्हिस्कोसचा धागा निघत नाही आणि कोट्यवधी खात्यांची बँक चालत नाही, तेव्हा काम तुकड्यांत वाटावंच लागतं. तुकडा लहान मिळाला याचं मला फारसं वाईट वाटत नाही. पण सही करणाऱ्याला दोन प्रकारे करता येते. एक म्हणजे आपली चौकट भरली की सुटलो. दुसरा प्रकार म्हणजे सही करण्याआधी पंपापाशी जाऊन 'अ' की 'ब' ते बघून येणं. कंपनी दोघांनाही सारखाच पगार देते, आणि पहिल्याचं काम वेळेवर होतं म्हणून त्याला कदाचित चार पैसे जास्तच. दुसऱ्या प्रकारची माणसं तरीही टिकून राहतात, ती कशाच्या जोरावर, हे मला नीट उमगलेलं नाही. काकांना विचारलं तर म्हणाले, भीतीच्या. भाचा म्हणाला, कुतूहलाच्या.

यंत्रच आता कोड लिहून देतं, मग तुमचं काय, असं मी भाच्याला विचारलं. त्याने खांदे उडवले. एका ओळीचा कोड त्यालाही पाच मिनिटांचाच होता. सात आठवडे लागले ते बाकीच्या गोष्टींना, आणि चेंज बोर्डावर यंत्राची सही अजून चालत नाही. "चालायला लागली तर मग बघू."

त्या दिवशी आम्ही तिघं काकांच्या गच्चीवर होतो. भाच्याने फोनवर त्या आडनावाच्या बदलाची मंजुरीची यादी दाखवली; नऊ नावं, नऊ हिरव्या खुणा. काकांनी चष्मा वर करून ती खालपर्यंत वाचली.

"यांतलं जागेवर जाऊन कोण बघतो?"

"जागाच नाही ना मामा. सर्व्हर तिकडे व्हर्जिनियात."

"मग लॉग असेल. लॉग कोण बघतो?"

"मी बघतो. कोणी सांगितलेलं नाही, पण बघतो."

"रोज?"

"रोज. अर्धा तास जातो. तेवढा टाइमशीटमध्ये कुठल्या खात्यावर टाकायचा, ते मात्र तुमच्या लॉगबुकात लिहिलं असेल तर सांगा."

काका म्हणाले, त्यांच्या वेळी तो जेवणाच्या सुट्टीतून कापायचे.